मानाची पहिली चिठ्ठी

मनमोहन तुळसकर सरांना कोणी काही विचारलं नाही, तरी ते उत्तर देत. परळच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते, पण तास संपल्याची घंटा काही त्यांना ऐकू आली नव्हती. चिंचपोकळीच्या त्या चाळीत छत्तीस बिऱ्हाडं होती आणि सरांच्या दृष्टीने छत्तीसच्या छत्तीस शेवटच्या बाकावरची. गॅलरीतून चहा नेताना कोणाच्या कपातून तो बशीत सांडला, की सर त्याला तिथेच थांबवत. तुझ्या पावलांचा ताल आणि कपातल्या चहाचा ताल जुळला म्हणून सांडला, पाऊल जरा बदलून टाक, असं समजावत. समजावून होईपर्यंत उरलेला चहा गार झालेला असे. उघडं राहिलेलं बिस्किट मऊ का पडतं आणि उघडा राहिलेला पाव कडक का होतो, याचं उत्तर चाळीतल्या प्रत्येकाने निदान तीनदा ऐकलं होतं. शेजारच्या गंगुबाईंची सासू एक्याण्णवाव्या वर्षी गेली तेव्हा सर भेटायला गेले आणि म्हणाले, "या वयात पुढचं वर्ष दिसण्याची शक्यता मुळातच कमी असते. तेव्हा यात अनपेक्षित असं काही नाही." त्यानंतर वर्षभर गंगुबाईंनी सरांच्या घरी सोलकढीची वाटी पाठवली नाही. सरांनी त्याचंही कारण शोधलं होतं. त्यांच्या मते कोकम महागलं होतं.

या ज्ञानाचा सगळ्यात मोठा वाटा आला तो त्यांच्या बायकोच्या, मालनच्या पदरात. चाळीस वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. एक सत्तावीस नंबरची, वाऱ्याची, रस्ता दिसणारी. दुसरी छत्तीस नंबरची, गॅलरीच्या पार टोकाला, मजल्याच्या सामायिक संडासांना भिंत लागून. कोणीही शहाणा माणूस सत्तावीस घेईल. सरांनी कागद घेतला. दोन माणसं, दिवसाला प्रत्येकी पाच फेऱ्या, जाऊन-येऊन साठ पावलं वाचणार, म्हणजे दिवसाला सहाशे. चाळीस वर्षांत सत्त्याऐंशी लाख साठ हजार पावलं. म्हणजे पाच हजार किलोमीटरच्या वर, मुंबईहून जवळजवळ दोनदा दिल्लीला जाऊन येण्याइतकी चाल. सरांनी छत्तीस नंबर घेतली आणि तो कागद नव्या नवरीला कौतुकाने दाखवला.

मालन कधी दिल्लीला गेली नाही. त्या भिंतीच्या अलीकडे तिने चाळीस वर्षं स्वयंपाक केला, तिथेच लेकीला, दर्शनाला, वाढवलं, पाहुणे आले की उदबत्त्या लावल्या आणि पाहुणे नाकाला रुमाल लावायचं टाळताहेत हे बघून न बघितल्यासारखं केलं. "मालनला सवय झालीय," असं सर चारचौघांत सांगत. सवय कसली होतेय. तिने फक्त बोलणं सोडलं होतं.

मग चाळ पाडून नवी इमारत उभी राहणार असं ठरलं. पार्किंगच्या वर नऊ मजले, मजल्यावर चार घरं, छत्तीस बिऱ्हाडांना छत्तीस घरं. आराखडा खाली पटांगणातल्या फळ्यावर लागला तेव्हा मालन चष्मा पुसून त्याच्यासमोर अर्धा तास उभी राहिली. एक आणि दोन नंबरची घरं मैदानाकडे, तीन नंबरचं रस्त्याकडे. चार नंबरचं घर आतल्या बाजूला, खिडकीसमोर हातभर अंतरावर भिंत, आणि दाराला लागून मजल्याची कचऱ्याची खोली. चारही घरांचा ओला-सुका कचरा रोज तिथे जमणार होता.

"मला मोठं नको, उंच नको," ती त्या दिवशी जेवताना म्हणाली. "फक्त चार नंबर नको हो."

दर्शनाचं सासर वडाळ्याला होतं. गेल्या वर्षी मालन तिच्याकडे चार दिवस राहून आली. तिथल्या खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची. मालन रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या खिडकीत बसायची. घरी परतल्यावर तिने त्या खिडकीबद्दल दोनच वाक्यं सांगितली, पण दोन्ही वाक्यं सांगताना तिचा आवाज बदलला होता. सर तेव्हा मीठ कसं तयार होतं ते सांगत होते.

घरं चिठ्ठ्या टाकून वाटायची यावर सगळ्यांचं एकमत झालं. भांडण लागलं ते पहिली चिठ्ठी कोणी उचलायची यावर. खोलीच्या नंबराप्रमाणे उचलायचं म्हटल्यावर तळमजला खूश झाला आणि वरचा मजला पेटला. खालचे चांगली घरं घेऊन जाणार आणि आमच्या वाट्याला कचरा येणार काय, असा सवाल झाला. तीन मीटिंगा झाल्या. तिसरीत कोणीतरी कोणाच्या तरी शर्टाची कॉलर धरली. तेव्हा चाळ कमिटीचा सेक्रेटरी निलेश, सरांचाच जुना विद्यार्थी, हात जोडून म्हणाला, "सर, आता तुम्हीच कायतरी सांगा. न विचारता सांगता, आज विचारून सांगा."

सर उभे राहिले. या क्षणाची ते एकतीस अधिक सात वर्षं वाट बघत होते.

"समजा, ताटात चार बटाटेवडे आहेत," ते म्हणाले, "आणि एकात अख्खी मिरची लपवलीय. पहिल्याला मिरची लागायची शक्यता किती?"

"चारात एक," निलेश म्हणाला.

"शाब्बास. आता दुसरा. पहिल्याने मिरची उचलली असेल तर हा सुटला. पण चार वेळांतून तीन वेळा मिरची ताटातच राहते. मग उरलेल्या तीन वड्यांत एक मिरचीचा. चारात तीन गुणिले तीनात एक. उत्तर?"

पटांगणात शांतता पसरली. सरांना ही शांतता फार ओळखीची होती.

"चारात एक!" सर म्हणाले. "तिसऱ्यालाही तेच, चौथ्यालाही तेच. पहिला असो की छत्तिसावा, चार नंबरचं घर लागायची शक्यता प्रत्येकाला सारखीच. पंचवीस टक्के. क्रमाने काहीही फरक पडत नाही."

आणि हे खरं होतं. सर बरोबर बोलत होते, हीच या गोष्टीतली खरी आपत्ती. लोकांना वडे समजले, वरचा मजला शांत झाला. निलेशने सरांकडून ते सगळं लिहून घेतलं. सरांनी सुंदर अक्षरात लिहिलं: 'चिठ्ठ्या नीट मिसळलेल्या असतील तर, उचलण्याच्या क्रमाने फरक पडत नाही.' निलेशने डोकं खाजवलं. "सर, हे पुढचं काढा ना. 'असतील तर' वाचलं की लोक म्हणणार, म्हणजे मिसळलेल्या नसणार." सरांनाही ते तुकडा जोडलेलं वाक्य खटकतच होतं. मिसळणं तर अध्याहृतच असतं. त्यांनी नवा कागद घेऊन सुटसुटीत विधान लिहिलं, खाली सही केली. कमिटीने त्याखाली ठराव जोडला की क्रमावरून वाद झाल्यास सरांचा लेखी निकाल अंतिम. छत्तीस जणांनी सह्या केल्या आणि कागद फळ्यावर लागला.

एवढं करून कमिटी थांबली असती तर बरं झालं असतं. पण गिरणगावात कोणाचं ऋण मानलं की त्याला मान द्यावा लागतो. पूजेचा पहिला नारळ, आरतीचं पहिलं तबक, तशी ही मानाची पहिली चिठ्ठी. ती सरांची, असं निलेशने जाहीर केलं. सरांचा नंबर खोलीप्रमाणे छत्तिसावा, म्हणजे अगदी शेवटचा होता. तो उचलून पहिला केला. टाळ्या पडल्या. सरांनी नम्रपणे मान झुकवली, पण फार खाली नाही.

सोडत रविवारी सकाळी होती. शनिवारी दुपारी निलेश आणि दोघं-तिघं सरांच्या दारासमोरच्या गॅलरीत चिठ्ठ्या घड्या घालत बसले, कारण डबा मालनचा होता. तो डबा सगळ्या चाळीच्या ओळखीचा. पत्र्याचा, उभा, कमरेएवढा, घट्ट झाकणाचा. लालबागच्या चिवडा गल्लीत एका दुकानात मालन वीस वर्षं दिवाळीआधी महिनाभर चिवडा भरायला जायची. दुकानाने जुने डबे काढले तेव्हा तिने तो मागून आणला. एरवी दिवाळीला चाळीचा चिवडा त्यातच व्हायचा.

मालन चहा घेऊन आली आणि बघत उभी राहिली. एक, दोन, तीन नंबरच्या चिठ्ठ्या म्हणजे पातळ कागदाच्या लहान घड्या, नखाएवढ्या. चार नंबरच्या मात्र अक्रोडाएवढ्या. बिल्डरच्या ऑफिसातून त्या नऊ घरांसाठी पानभर हमीपत्र आलं होतं, 'कचऱ्याच्या खोलीबाबत भविष्यात कोणतीही तक्रार करणार नाही', आणि ते प्रत्येक चिठ्ठीला टाचून आत दुमडलं होतं. छत्तीस चिठ्ठ्या डब्याच्या तळाशीच पडून राहिल्या. एवढ्या खोल हात घालायचा म्हणजे लोक चाचपणार, जाड कुठली, पातळ कुठली ते बघणार. निलेश काही मूर्ख नव्हता. त्याने वाण्याकडून दोन पोती कुरमुरे आणून डब्यात ओतले, चिठ्ठ्या त्यात कालवल्या आणि नियम केला. हात खुपसायचा नाही, उकरायचं नाही. दरवेळी डबा हलवायचा आणि वर जी चिठ्ठी दिसेल ती दोन बोटांनी उचलायची. वर दिसली नाही तर दिसेपर्यंत हलवायचा. फसवाफसवीला जागाच नाही.

त्याने रंगीत तालीम म्हणून डबा गदागदा हलवला आणि झाकण काढलं. मालनने आत डोकावून बघितलं आणि हातातला ट्रे खाली ठेवला.

"निलेश, अरे, असं नको करू. डबा परातीत पालथा कर आणि मग उचलायला दे. हलवलं की जाडं वर येतं रे."

"काकी, टेन्शन नका घेऊ. सरांनी लिहून दिलंय ना, फरक पडत नाय म्हणून. त्यांच्याच घरात राहून तुम्ही असं बोलता?" निलेश हसला आणि बाकीचेही हसले.

मालन आत आली. सर उद्यासाठी शर्टाला इस्त्री करत होते.

"अहो, उद्या आपण आपल्याच नंबराला उचलू. शेवटी."

"का बरं?"

"चार नंबरची चिठ्ठी जाडी आहे, तिला ते हमीपत्र लावलंय. आणि डब्यात कुरमुरे घातलेत. डबा हलवला की बारीक खाली सरतं आणि जाडं वर येतं. पहिल्यांदा उचलतील त्यांना चार नंबर लागणार."

सरांनी इस्त्री उभी ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे बघून पूर्वी मुलं वहीवर हात ठेवायची. "मालन, जाड म्हणजे जड. जड वस्तू खाली जाते. पृथ्वी ओढते तिला. गुरुत्वाकर्षणाला चिवडा कळत नाही."

"मग शेंगदाणे का वर येतात?"

"येत नाहीत. वर असलेले तेवढे तुला दिसतात, म्हणून तसं वाटतं."

"वीस वर्षं पाकिटं भरलीत हो मी. डबा हलवून भरलं तर पहिल्या पाकिटांत नुसते शेंगदाणे-खोबरं जातं आणि शेवटच्यांत नुसता चुरा. म्हणून शेठ ओरडायचा, डबा पालथा करा म्हणून."

"आणि मी एकतीस वर्षं शिकवलंय."

एकतीस हा आकडा वीसपेक्षा मोठा असल्यामुळे वाद खरं तर तिथेच संपायला हवा होता. पण मालन हलली नाही.

"तुम्हीच म्हणता ना, पहिलं उचला की शेवटी, फरक पडत नाही?"

"अजिबात नाही."

"मग शेवटी उचला. तुमचं काय जातंय? माझ्यासाठी."

हे म्हणणं तर्काला इतकं धरून होतं, की सरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी इस्त्री उचलली आणि कॉलरीवर दाबली. मग म्हणाले, "पहिली चिठ्ठी नाकारली तर लोक म्हणतील, सरांचाच आपल्या गणितावर विश्वास नाही." मालन भिंतीकडे तोंड करून भाजी चिरायला बसली. पलीकडे कोणीतरी साखळी ओढली.

रविवारी दहा वाजता पटांगण भरलं. सतरंज्या अंथरल्या होत्या, बिल्डरचा माणूस फाइल घेऊन खुर्चीत बसला होता. मध्ये स्टुलावर मालनचा डबा, त्याला झेंडूची माळ. गौतम, चौदा नंबरचा, सरांचा आणखी एक जुना विद्यार्थी, हायकोर्टात वकील होता. तो निकाल लिहून घ्यायला बसला. सगळं रीतसर होतं.

निलेशने डबा मिठी मारून उचलला आणि वीस वेळा हलवला. झाकण काढलं. पांढऱ्या कुरमुऱ्यांवर मधोमध एक गलेलठ्ठ चिठ्ठी येऊन बसली होती. सरांनी अस्तनी मागे सारली, दोन बोटांनी ती उचलली, उघडली आणि हमीपत्र बाजूला करून वाचलं.

"सहाशे चार."

टाळ्यांसाठी वर गेलेले काही हात तसेच खाली आले. "पंचवीस टक्के," सर म्हणाले. "चौघांत एकाला लागणारच. कोणाला तरी लागतं." ते येऊन मालनशेजारी बसले. ती डब्याकडे बघत होती.

एक नंबरच्या खोलीला दोनशे चार निघालं. दोनला नऊशे चार. तीन नंबरवाल्याला पातळ चिठ्ठी मिळाली, मैदानाकडचं घर, त्याने नाच केला. मग पुन्हा चार नंबर, पुन्हा चार नंबर. निलेश दर खेपेला इमानदारीने डबा हलवत होता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. बारावी चिठ्ठी उघडली तोवर नऊच्या नऊ जाड चिठ्ठ्या निघून गेल्या होत्या. आता डब्यात कोणाला भ्यायचं कारणच उरलं नव्हतं. मागच्या लोकांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली.

सरांनी खिशातून कागद आणि पेन काढलं. छत्तिसांतून नऊ जागा किती प्रकारे निवडता येतील? नऊ कोटी एक्केचाळीस लाख त्रेचाळीस हजार दोनशे ऐंशी. पहिल्या बारांतून नऊ? दोनशे वीस. भागाकार केला. नऊच्या नऊ वाईट चिठ्ठ्या पहिल्या बारांत येण्याची शक्यता चार लाख सत्तावीस हजार नऊशे चोवीसांत एक. त्यांनी आकडा बघितला. चिठ्ठ्या मिसळलेल्या नव्हत्या. हे त्यांना बाराव्या चिठ्ठीला कळलं होतं आणि तेव्हाच उठून ओरडायला हवं होतं. पण घाईत बोलणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी भागाकार पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा, उलट्या बाजूने. उत्तर प्रत्येक वेळी पूर्ण भाग जाऊन तेच येत होतं आणि इकडे एकेक जण उठून हसत हसत चिठ्ठी नेत होता.

शेवटची चिठ्ठी पस्तीस नंबरच्या गंगुबाईंची. सातशे एक. मैदानाकडचं. त्या कागद हातात घेऊन थेट मालनकडे आल्या. "गो मालन, शेवटचो नंबर तुझो होतो गो. ह्या तुझ्या वाटणीचा घर माझ्या हातात इला." मालनने त्यांचा हात दाबला.

तोवर चार नंबर लागलेले बाकीचे आठ घरवाले उठले होते. घोळ आहे, सेटिंग आहे, फेरसोडत झाली पाहिजे. सत्तावीस जण ओरडले, फेरसोडत कशाला, तुमचं नशीब फुटकं. गौतमने फळ्यावरचा कागद काढून आणला आणि मोठ्याने वाचला: "क्रमाने फरक पडत नाही. सही, मनमोहन तुळसकर. वाद झाल्यास सरांचा लेखी निकाल अंतिम. खाली छत्तीस सह्या. विषय संपला."

निलेश मात्र डब्यात बघत उभा होता. घोटाळ्याचा आळ त्याच्यावर येत होता आणि त्याने तर हात दुखेपर्यंत काम केलं होतं. त्याला एकाएकी काहीतरी आठवलं. "काकी, काल तुम्ही कायतरी बोलत होता."

मालन उभी राहिली. छत्तीस बिऱ्हाडांसमोर ती आयुष्यात पहिल्यांदाच उभी राहिली असावी. पदर नीट करून म्हणाली, "चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे वर येतात. जाडं वर येतं, बारीक खाली जातं. चार नंबरच्या चिठ्ठ्या जाड होत्या."

मग गंगुबाई म्हणाल्या, "येतातच की." मागून दुसरी म्हणाली, "डाळतांदळात खडे पण तसेच मिळतात, परात हलवली की." पटांगणातल्या सगळ्या बायका माना हलवू लागल्या. ही गोष्ट तिथल्या निम्म्या माणसांना लहानपणापासून ठाऊक होती, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

निलेश सरांकडे वळला. "सर, काकी बोलतात ते खरं काय?"

सर उठले. "तत्त्व असं आहे की..."

"सर, तत्त्व नंतर. तुमच्या कागदामुळे अडलंय, तुम्हीच सोडवा. त्याच्यावर एक ओळ लिहा, 'माझं चुकलं'. बस. पाच मिनिटांत फेरसोडत घेऊ. परातीत पालथा करून, काकी सांगतात तशी. साहेब, चालेल ना?" बिल्डरच्या माणसाने घड्याळ बघून खांदे उडवले. त्याला छत्तीस सह्यांशी मतलब होता. सत्तावीस जण कुरकुरले, पण ठराव त्यांनीच केला होता.

गौतमने कागद आणि पेन पुढे केलं. सरांनी पेन हातात घेतलं. समोर गौतम होता, ज्याने आठवीत ऋण चिन्ह विसरलं म्हणून अख्खा तास बाकावर उभं राहून काढला होता. निलेश होता, ज्याच्या वहीत लाल शाईने 'चूक' हा शब्द त्यांनी शेकडो वेळा लिहिला होता. एकतीस वर्षांत तो शब्द त्यांनी इतरांच्या वह्यांत किती हजार वेळा लिहिला असेल याचाही हिशेब करता आला असता. स्वतःबद्दल तो त्यांनी एकदाही लिहिला नव्हता. त्यांनी खाली वाकून सुंदर अक्षरात लिहिलं आणि कागद परत दिला.

गौतमने वाचलं: "'प्रमेय बरोबर आहे. मिश्रण सदोष होते.'"

"मिश्रण म्हणजे मी?" निलेशचा आवाज चढला. "दंड भरून आलेत माझे, सर! मी नाय मिसळलं काय?"

"सर, मला साधं सांगा," गौतम म्हणाला. कोर्टात साक्षीदाराला विचारतो त्या आवाजात. "हो की नाही. तुम्ही लिहून दिलेला निकाल चुकला?"

बाकीची आठ घरं सरांच्या तोंडाकडे बघत होती. मालन डब्याचं झाकण पोटाशी धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिथे आशा होती, आणि ती सरांना दिसली. त्यांना ती अगदी स्वच्छ दिसली, हे त्यांना पुढे कधीच विसरता आलं नाही.

"निकाल," सर म्हणाले, आणि थांबले. "तत्त्वतः निकाल चुकलेला नाही."

गौतमने कागदाची घडी केली. सत्तावीस जणांनी टाळ्या वाजवल्या. या टाळ्या सरांना सोडतीच्या आधीच्या टाळ्यांपेक्षा जास्त लागल्या. बाकीच्या आठ घरांतला एक म्हातारा सरांसमोर येऊन उभा राहिला, मग तसाच वळून गेला.

सहाशे चारच्या हमीपत्रावर नवरा-बायको दोघांची सही लागत होती. सरांनी केली. मालनने पेन घेतलं, 'कोणतीही तक्रार करणार नाही' या ओळीवर बोट ठेवून ती सावकाश वाचली आणि खाली नाव लिहिलं. मग तिने कुरमुरे पोरांना वाटून टाकले, माळ काढली, रिकामा डबा काखेत मारला आणि जिना चढू लागली. सर मागून येत होते. जिन्याच्या वळणावर त्यांनी डबा घ्यायला हात पुढे केला, तिने दिला नाही.

खोलीत तिने डबा फडक्याने पुसला, पाटावर चढून फळीवर ठेवला. सर खाटेवर बसून होते. पलीकडून बादलीचा आवाज आला आणि मग तो चाळीस वर्षांचा वास. सरांनी उठून दार लोटलं. मग इतक्या हळू की पलीकडे कोणाला ऐकू जाऊ नये, ते म्हणाले, "मालन, माझं चुकलं."

ती पाटावरून उतरली.

"हे खाली सांगायचं होतं," ती म्हणाली. "इथे मी एकटीच आहे, आणि मला ते लग्नापासून माहीत आहे."